वाघ मोजून झाले, आता उंदीर मोजा

गेल्या रविवारी सिंहगडावर होतो. नेहमीचीच गँग, नेहमीचाच कार्यक्रम. पहाटे साडेपाचला आतकरवाडीत गाडी लावायची, धापा टाकत वर जायचं, पुणे दरवाज्यापाशी पोचल्यावर "च्यायला, फिटनेस पार गेला राव" असं म्हणायचं, आणि मग कांदाभजी, पिठलं-भाकरी नि मडक्यातलं दही हाणून तो गेलेला फिटनेस आणखी लांब धाडून द्यायचा.

तर दह्याचं दुसरं मडकं चालू असताना ग्रुपमधल्या एका नवीन पोराने विचारलं, "इथे काही वाइल्डलाइफ वगैरे आहे का रे?" मी म्हटलं, "आहे ना. आख्ख्या जगात फक्त या पठारावरून माहीत असलेला एक सस्तन प्राणी आहे. नावही गडाचंच आहे त्याचं." सगळे एकदम गप्प. बिबट्या? नवीन जातीचं मांजर? मी म्हटलं, "उंदीर."

आणि मग जो हशा पिकला, त्या हशावर हा लेख आहे.

मंडळी, त्या उंदराचं शास्त्रीय नाव मिलार्डिया कोंढाणा. १९७५ साली मिश्रा आणि धांडा या दोघांनी शास्त्रीय जगाला त्याची ओळख करून दिली. मऊ केसांचा, रात्री हिंडणारा, बिळं करून राहणारा प्राणी. त्याचं माहीत असलेलं घर म्हणजे सिंहगडाचं पठार, जेमतेम एक चौरस किलोमीटर. तुमच्या-आमच्या हिंजवडीतल्या एखाद्या मोठ्या कंपनीचा कॅम्पस आणि शेजारचा मॉल मिळून जेवढी जागा होईल, साधारण तेवढ्यात एका आख्ख्या प्रजातीचा कारभार. जागतिक लाल यादीत तो संकटग्रस्त आहे. त्याच्यावरची संकटं कोणती? राहण्याची जागा कमी होणं, जास्तीची चराई, आणि पर्यटन. पर्यटन म्हणजे कोण? दुसऱ्या मडक्यातलं दही खाणारे आम्ही.

पण हसू येतं खरं. उंदीर म्हटलं की आपल्याला पिंजरा आठवतो, औषधाच्या वड्या आठवतात, फार तर गणपतीच्या पायाशी बसलेला आठवतो. आपलं सोडा, कायद्यालाही तेच आठवायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात एक पाचवी अनुसूची होती. तिच्यात 'उपद्रवी' प्राण्यांची यादी होती: कावळा, फळं खाणारी वटवाघळं, आणि लहान-मोठे उंदीर. कुठले उंदीर? तर 'उंदीर'. म्हणजे किराणा दुकानातला पोतं कुरतडणारा आणि जगात एकाच डोंगरावर राहणारा, दोघे एकाच ओळीत. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची काढून टाकली आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. कायदा सुधारला. आपण अजून हसतोय.

आता मूळ मुद्दा. माझं म्हणणं एवढंच आहे की या आणि असल्या लहान प्राण्यांवर, त्यांना हात न लावता, वर्षानुवर्षं नजर ठेवता येईल असं तंत्रज्ञान आज तयार आहे, स्वस्त आहे, आणि त्यातलं बरंचसं फुकट आहे. तरी ते तिथे नेमाने चालताना दिसत नसेल, तर अडचण तंत्रज्ञानाची नाही. प्रतिष्ठेची आहे. उंदीर मोजण्यात ग्लॅमर नाही.

पुरावा देतो. २०१८-१९ च्या व्याघ्रगणनेचं उदाहरण घ्या. २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते. त्यांनी ३,४८,५८,६२३ फोटो काढले. गिनीज बुकात नोंद झाली, आपण सगळ्यांनी अभिमानाने व्हॉट्सॅपवर फॉरवर्ड केलं. या जवळजवळ साडेतीन कोटी फोटोंपैकी वाघाचे होते ७६,६५१ आणि बिबट्याचे ५१,७७७. दोन्ही मिळून टक्केवारी काढा: ०.३७ टक्के. म्हणजे हजार फोटोंत चारसुद्धा नाहीत. बाकीचे? हरणं, डुकरं, गुरं, माणसं, हलणारं गवत. त्यातून रानमांजर, वाघाटी असल्या लहान मांजरांबद्दलही माहिती मिळाली, हे मान्य. २०२२ च्या फेरीत फोटोंचा आकडा चार कोटी सत्तर लाखांवर गेला. थक्क करणारं काम आहे, त्याबद्दल मला एक शब्द वाकडा बोलायचा नाही.

पण या कोट्यवधी फोटोंत लहान उंदीर का दिसत नाही? जंगलात वाघापेक्षा उंदीर कितीतरी जास्त असणार, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. उत्तर सोपं आहे. कॅमेरा वाघासाठी लावलाय. गुडघ्याच्या आसपास उंचीवर, वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर, म्हणजे वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे टिपता येतात. त्याचा सेन्सर उष्णतेतला बदल ओळखतो. समोरून दोनशे किलोचं गरम धूड गेलं की तो जागा होतो. पन्नास-शंभर ग्रॅमचा जीव चार मीटरवरून गेला तर त्याला पत्ताच लागत नाही. लागलाच, तर क्लिक होईपर्यंत गडी पसार. आणि अगदी लेन्सजवळ आला तर फोकसच्या अलीकडे, म्हणजे फोटोत नुसता राखाडी डाग.

आपल्या भाषेत सांगायचं तर थ्रेशोल्ड वाघासाठी सेट केलाय, त्यामुळे उंदीर म्हणजे नॉइज. आता नॉइज कशाला म्हणायचं हे मशीन ठरवत नाही, ते लावणारा ठरवतो. प्रॉडक्शनमधल्या लॉगची लेव्हल 'एरर'वर ठेवायची आणि मग "वॉर्निंग तर एकही आली नाही" म्हणून मीटिंगमध्ये छाती फुगवायची, त्यातलाच हा प्रकार. (हे मी केलेलं आहे. असो.)

आता आक्षेप घेऊ. सिंहगडावरच मिळाले होते, शोधायला जावं लागलं नाही :)

आक्षेप पहिला: "पिंजरे लावून पकडा आणि मोजा की. त्यात कॅमेरा कशाला?"

बरोबर, आणि जगभर तसंच करतात. अमेरिकेतला शर्मन पिंजरा १९२० च्या दशकातला, ॲल्युमिनियमची घडी होणारी पेटी. इंग्लंडमधला लाँगवर्थ पिंजरा १९४९ चा. उंदीर आत शिरला की दार पडतं, सकाळी येऊन त्याला बाहेर काढायचं, वजन करायचं, खूण करायची आणि सोडायचं. पुन्हा पिंजरे लावायचे आणि पकडलेल्यांत खुणेवाले किती यावरून एकूण किती असतील त्याचा अंदाज करायचा. उत्तम पद्धत आहे. प्राणी हातात येतो, नर की मादी कळतं, पिल्लं होणार का कळतं, डीएनएसाठी नमुना मिळतो. यातलं काहीही कॅमेरा देत नाही.

पण किंमत बघा. चिचुंद्री हा प्राणी इतका धगधगता असतो की त्याला दर थोड्या तासांनी खायला लागतं. पिंजऱ्यात रात्रभर अडकली तर सकाळी मेलेली मिळण्याची भीती असते. म्हणूनच ब्रिटनमध्ये चिचुंद्री जिवंत पकडायलासुद्धा परवान्याची अट आहे. उंदीर तेवढा नाजूक नसतो, पण थंडीत पत्र्याच्या पेटीत रात्र काढणं त्यालाही सोपं जात नाही. शिवाय काही प्राणी पिंजऱ्याला एकदा फसले की परत फिरकत नाहीत. काही उलट एवढे सोकावतात की रोज फुकटच्या शेंगदाण्याला हजर. दोन्हीकडून आकडा बिघडतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, रोज पहाटे प्रत्येक पिंजरा बघायला शिकलेला माणूस लागतो. त्यामुळे असला सर्व्हे होतो तो चार-सहा रात्रींचा, आणि पुढचा कधी, तर कोणाची पीएचडी निघेल तेव्हा.

जिथे प्रजातीचं घर एक चौरस किलोमीटर आहे, तिथे मला चार रात्रींचा भारी आकडा नकोय. दर ऋतूत, दर वर्षी, त्याच जागी, त्याच पद्धतीने घेतलेला साधा आकडा हवाय. पिंजरा लागेल, पण अधूनमधून आणि जाणकाराच्या हातात. रोजची राखण कॅमेऱ्याने करायची.

"पण तूच तर म्हणालास की कॅमेऱ्याला उंदीर दिसत नाही!" बरोबर. वाघासाठी लावलेल्या कॅमेऱ्याला दिसत नाही. यावर लोकांनी कधीच तोडगा काढलाय, आणि तो इतका साधा आहे की इंजिनियर म्हणून आधी विश्वास बसत नाही. प्राणी कॅमेऱ्यापर्यंत येत नसेल तर कॅमेरा पेटीत घाला आणि प्राण्याला पेटीतून जाऊ द्या. नेदरलँड्समध्ये वीझल नावाच्या चिमुकल्या शिकारी प्राण्यासाठी 'मोस्टेला' नावाची लाकडी पेटी केली. आरपार जाणारी नळी, मध्ये एका बाजूने उघडी, आणि समोर कॅमेरा. अमेरिकेत काहींनी बादली उपडी घालून तिच्या बुडाला आतून कॅमेरा लावला. कुंपणाची पट्टी प्राण्याला बादलीकडे वळवते, तो आत डोकावतो, वरून फोटो निघतो, तो आपला निघून जातो. दार पडत नाही, कोणी अडकत नाही. जवळचा फोकस हवा म्हणून लोक लेन्सवर वाचायच्या चष्म्याची काच चिकटवतात!

वाचून हात शिवशिवले. सिंहगडावर परवानगीशिवाय असलं काही लावायचं नाही, लावूही नये. म्हणून आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला, जिथे कंपोस्टचा खड्डा आहे, तिथे प्रयोग केला. ऑनलाइन मागवलेला साधा ट्रेल कॅमेरा, रंगाची वीस लिटरची रिकामी बादली, आणि आईचा जुना चष्मा (परवानगीने... म्हणजे नंतर घेतलेल्या परवानगीने).

पहिल्या रात्री बादलीशिवाय लावला. सकाळी आठशेच्या वर फोटो. सगळे गवताचे. एकात मांजरीची शेपटी. दुसऱ्या रात्री बादलीसकट लावला, तर सगळे फोटो धुरकट, कारण फोकस नाही. मग चष्म्याची काच आली. मग कळलं की आतली जमीन मातीच्याच रंगाची आणि प्राणीही मातीच्याच रंगाचा, म्हणून खाली पांढरी फरशी ठेवली. तिच्यावर पेनाने एकेक सेंटिमीटरच्या रेघा मारल्या, म्हणजे लांबीही कळते. शेंगदाण्याचं कूट ठेवलं, तर मुंग्यांनी रातोरात साफ केलं. पाचव्या की सहाव्या रात्री चिचुंद्री आली. एकेक मिशी मोजून घ्यावी इतका स्वच्छ फोटो. पाठोपाठ दोन रात्रींनी उंदीर. माझ्या घरापासून वीस पावलांवर रोज रात्री हे सगळं चाललंय आणि मला सहा वर्षं पत्ता नव्हता.

वॉचमनकाकांनी तेवढ्यात एकदा पकडलंच. "साहेब, लोक औषध मागवतात, तुम्ही फोटो काढताय होय?" म्हटलं, हो काका. त्यांना फोटो दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, "नाक कसं वर करून बघतीय..." त्यानंतर बॅटरी उतरली की तेच इंटरकॉमवर कळवायला लागले.

आक्षेप दुसरा, आणि हा आपल्याच बिरादरीतला: "सोपंय रे, एआय लावू की."

इथे मात्र माझं डोकं फिरतं. एका कंपनीत असताना (नाव जाऊ द्या) एका हॅकेथॉनमध्ये कॅमेऱ्याचे फोटो ओळखणारं मॉडेल आम्हीच केलं होतं. चोवीस तास, पिझ्झा, वाघाचे सुंदर फोटो, डेमोत वाघाभोवती हिरवी चौकट, टाळ्या, बक्षीस. सोमवारी सगळे आपापल्या प्रोजेक्टवर. तो कोड आज कुठे आहे मला माहीत नाही. जगातल्या एकाही वाघाला त्याचा उपयोग झालेला नाही, हे मात्र माहीत आहे.

मॉडेल खूप झालीत, मंडळी. मायक्रोसॉफ्टने आणलेलं मेगाडिटेक्टर फोटोत प्राणी, माणूस की गाडी एवढं ओळखतं, फुकट आहे आणि रिकामे फोटो गाळायला फार कामाचं आहे. गूगलने स्पीशीजनेट २०२५ मध्ये खुलं केलं. त्याआधी २०१८ साली सेरेंगेटीच्या ३२ लाख फोटोंवर केलेलं काम गाजलं होतं. ४८ जाती, ९३.८ टक्के अचूकता. वाचून आपण म्हणतो, झालं, प्रॉब्लेम सुटला.

पण त्याच वर्षी आणखी एक पेपर आला होता, बीरी आणि सहकाऱ्यांचा. त्यांनी दाखवून दिलं की ज्या कॅमेऱ्यांच्या फोटोंवर मॉडेल शिकलं, तिथे ते हुशार असतं. तेच मॉडेल नव्या जागी नेलं की गडगडतं. कारण ते प्राण्याबरोबर मागचा देखावाही पाठ करून बसलेलं असतं. म्हणजे वर्गात पहिला येणारा पोरगा परीक्षेत पुस्तकाबाहेरचं आलं की रडतो, तसं. आता विचार करा. आफ्रिकेच्या माळावरच्या झेब्र्यांवर शिकलेलं मॉडेल सिंहगडावरच्या बादलीत, रात्री, इन्फ्रारेडच्या करड्या उजेडात, करड्या उंदराचा फोटो बघून काय सांगणार? फार तर "उंदीरवर्गीय". कोंढाण्याचा उंदीर, त्याचा शेतात राहणारा भाऊबंद मेटाड, आणि गडावरच्या कचऱ्यामागे आलेला घरचा उंदीर, यांतला फरक त्याला कोणी शिकवलाय? त्यासाठी आधी ओळखणाऱ्या माणसाने हजारो फोटो बघून नावं द्यायला हवीत. आणि नुसत्या फोटोवरून नक्की ओळखता येत नसेल, तर बादलीत पडलेल्या लेंड्या, चिकटपट्टीला लागलेले केस, यांतून डीएनए तपासायला हवा. त्यात हिरवी चौकट येत नाही आणि टाळ्याही पडत नाहीत.

दुसरं, वाघाला पट्टे असतात म्हणून प्रत्येक वाघ वेगळा मोजता येतो. उंदराला नाहीत. एकाच रात्री बादलीत चाळीस फोटो आले, तर ते चाळीस उंदीर की एक खादाड? कॅमेरा सांगू शकत नाही. म्हणून "एआयने उंदरांची जनगणना केली" अशी बातमी कुठे वाचलीत तर सावध व्हा. कॅमेरा जे प्रामाणिकपणे सांगू शकतो ते वेगळं आहे: वीसपैकी किती बादल्यांत हा प्राणी आला, आणि मागच्या वर्षी याच दिवसांत किती बादल्यांत आला होता. आता एखाद्या बादलीत एका रात्री तो दिसला नाही म्हणजे तिथे नाहीच, असंही नाही. पिंगला उत्तर आलं नाही म्हणून सर्व्हर बंद आहे असं तुम्ही लगेच म्हणता का? चार-पाचदा मारून बघता. तसंच सलग काही रात्री बघायचं, आणि 'असूनही न दिसण्याची' शक्यता किती हे त्याच आकड्यांतून काढायचं. मॅकेन्झी आणि मंडळींनी २००२ मध्येच त्याचं गणित मांडून ठेवलंय. या गणितावर चालणारा आकडा दिसायला साधा असतो, पण तो वर्षानुवर्षं टिकतो.

आक्षेप तिसरा: "हात न लावता म्हणतोस, पण ते खरंच निरुपद्रवी आहे का?"

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण टेक्नॉलॉजीवाले तो स्वतःहून कधी विचारत नाहीत. उत्तर: आपोआप नाही. २०१४ च्या एका अभ्यासात दिसलं की बरेच ट्रेल कॅमेरे आवाज करतात, काही तर आपल्याला ऐकू न येणाऱ्या पट्ट्यातही, आणि त्यांचा उजेडही काही प्राण्यांना दिसतो. शेंगदाणे ठेवले की उंदीर येतो. त्याच्यामागे मांजर, कुत्रं आणि सापही येऊ शकतो. गडावर तर घरचा उंदीरही येईल, म्हणजे ज्याला वाचवायचं त्याच्या दारात त्याचा प्रतिस्पर्धी बसवल्यासारखं. म्हणून खाणं ठेवायचंच नाही, ठेवलं तर नाममात्र. पांढरा फ्लॅश नाही. पेटी सतत ठेवायची नाही, नेमून दिलेल्या रात्रीच. नियम लिहून ठेवायचे, आणि त्रास दिसला तर काढून घ्यायचं.

आणि माणसं. याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलणार. कॉर्बेटच्या जंगलात प्राण्यांसाठी लावलेले कॅमेरे आसपासच्या गावांतल्या बायकांना कसे जाचक झाले, यावर त्रिशांत सिमलाई यांचं संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. सरपण, गवत आणायला जाणाऱ्या बायका, दोन घटका एकांतात बोलायला, गाणी म्हणायला जाणाऱ्या बायका, कॅमेरा बघून गप्प व्हायला लागल्या. एका बाईचा अतिशय खाजगी क्षणीचा फोटो तर गावातल्या मोबाइलांवर फिरला. प्राण्याला हात लावला नाही एवढ्याने पद्धत 'निरुपद्रवी' ठरत नाही. सिंहगडावर माणसं राहतात, पहाटे खालून दही घेऊन बायका वर येतात, जोडपी येतात. तिथे वाटेवर झाडाला कॅमेरा बांधायला माझा विरोध आहे. उपड्या बादलीतला कॅमेरा फक्त बादलीतली फरशी बघतो. त्याला माणूस दिसूच शकत नाही. उंदरासाठी जे डिझाइन योग्य, तेच माणसासाठीही. आपल्याकडे 'प्रायव्हसी बाय डिझाइन'वर स्लाइडा खूप होतात. इथे ती एका बादलीत बसते.

आता शेवटचा आक्षेप. तो कोणी शब्दात मांडला नाही, पण हशात होता: "एक उंदीर गेला तर काय बिघडलं?"

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला, टॉरेस सामुद्रधुनीत, ब्रॅम्बल के नावाचं प्रवाळी वाळूचं एक चिमुकलं बेट आहे. जेमतेम चार-पाच हेक्टर. तिथे एक उंदीर राहायचा, ब्रॅम्बल के मेलोमिस. जगात फक्त तिथे. कधीकाळी शेकड्यांनी होते. समुद्राचं पाणी वारंवार आत शिरत गेलं, झाडोरा कमी झाला. २००९ मध्ये एका मच्छिमाराला दिसला, तो शेवटचा. २०१४ मध्ये शास्त्रज्ञ गेले. पिंजऱ्यांच्या ९०० रात्री, कॅमेऱ्यांच्या ६० रात्री, दिवसाउजेडी पायी शोध. एकही मिळाला नाही. २०१६ मध्ये क्वीन्सलँडमध्ये आणि २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारनेही तो नामशेष झाल्याचं मान्य केलं. माणसाने घडवलेल्या हवामानबदलामुळे संपलेला पहिला सस्तन प्राणी म्हणून आता त्याचं नाव घेतात.

तिथे कॅमेरे पोचले. पण पोचले ते नाही म्हणून सांगायला.

सिंहगडाचं पठार हे तसंच एक बेट आहे, फक्त चहूबाजूंनी पाण्याऐवजी उतार आहे. आणि तिथे चढणारं पाणी म्हणजे दर शनिवार-रविवारी घाटातून वर जाणाऱ्या गाड्यांची रांग. त्या रांगेत मीही असतो, हे मी विसरत नाहीये. उद्या वाहनतळ वाढवायचा झाला, नवी पायवाट काढायची झाली, कचरा टाकायची जागा ठरवायची झाली, तर ती कुठे असावी आणि कुठे मुळीच असू नये हे सांगायला कोणाकडे तरी नकाशा हवा. अमुक उतारावर दहा वर्षं हा प्राणी दिसतोय, तमुक कोपऱ्यातून तीन वर्षांपूर्वी नाहीसा झाला, तिथे घरचे उंदीर आले. असा नकाशा असेल तर वाद घालता येतो. नसेल तर दोन्ही बाजूंनी नुसती मतं, आणि मतांच्या बाजारात उंदराला कोण विचारतो?

म्हणून माझी मागणी साधी आहे. वनखात्याची आणि गडाची देखभाल करणाऱ्यांची परवानगी घेऊन, उंदीर ओळखणाऱ्या जाणकारांच्या देखरेखीखाली, पठारावर वीसेक पेट्या. वर्षातून चार वेळा, दर वेळी ठरावीक रात्री. बॅटऱ्या बदलायला, कार्डं आणायला, फरश्या पुसायला आणि फोटोंना नावं द्यायला स्वयंसेवक. आकडे सगळ्यांना खुले. नेमकी बिळं कुठे ते सोडून. खर्च? आपल्यातल्या पाच-सहा जणांनी यंदा फोन बदलला नाही तर भागेल.

अवघड काम पैशाचं नाहीच. अवघड काम आहे तिसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात, उत्साह संपल्यावर, भिजत वर जाऊन बुरशी आलेल्या बादलीतलं कार्ड बदलणं. आपल्या धंद्यात लाँचच्या दिवशी केक कापतात आणि मेंटेनन्स नवीन जॉइन झालेल्या पोराच्या गळ्यात मारतात. पण प्रजाती टिकते ती मेंटेनन्सवर. वाघाच्या मागे आख्खा देश उभा राहिला तेव्हा कुठे त्याची मोजणी दर चार वर्षांनी नेमाने होते. या उंदरामागे देश उभा राहणार नाही. पण त्याच्या घरी दर विकांताला जाऊन भजी खाणारं एक शहर आहे. ते उभं राहिलं तरी पुरे.

ज्या गडासाठी तानाजी पडला, त्या गडाचं नाव हा प्राणी लावतो. तो असताना मोजू या. नंतर मोजायला काहीच लागत नाही, शून्य कोणालाही लिहिता येतं.

असो. दह्याच्या त्या नवीन गड्याचा काल फोन आला होता. "बादलीला कुठला चष्मा लावलास, नंबर काय?" प्लस दोन, असं सांगितलंय. त्याच्या आजोबांचा आहे म्हणे.